ये की रे मेल्या: पाचूबंदरची एक फेरी

"सख्या" म्हणायचं की "मेल्या", या एका शब्दावरून माझं आणि आमच्या कविमंडळाच्या चिटणीसांचं फोनवर वाजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. पाचूबंदरला जायचं ठरलं ते असं.

झालं होतं काय, माझा नवरा विलास मागच्या वर्षी भर दुपारी हार्ट अटॅकनं गेला. लग्न झाल्यापासून मी त्याला लाडानं, रागानं, कशानंही "मेल्या"च म्हणायची. मेल्या, चहा गार झाला. मेल्या, टॉवेल उचल. एका हाकेत यायचा नाही कधी. सासूबाई म्हणायच्या, "असं बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणते." तो गेल्यावर त्या एकदाच म्हणाल्या, "म्हणाली बघ." तेव्हापासून तो शब्द माझ्या घशात अडकला. कविता लिहीत होते, पण सगळ्या "सख्या"च्या. विलासला सख्या म्हटलं असतं तर त्यानं मागे वळून बघितलं असतं, ही कोणाला बोलावतेय म्हणून! शेवटी एका कवितेत तो शब्द लिहिला खरा, पण मोठ्यानं वाचायला जीभ उचलेना. रविवारी कार्यक्रम. आणि चिटणीस म्हणतात, "मॅडम, श्रद्धांजलीत हे शोभत नाही. प्रेमकविता वेगळी, शोककविता वेगळी."

"एकटी कशाला जातेस?" सासूबाईंनी विचारलं.

"दर थंडीत दोघं जायचो म्हणून," मी म्हटलं आणि किक मारली.

आमच्या आचोळ्याहून येणार असाल तर लवकर निघा, नालासोपाऱ्याचा पूल एकदा तुंबला की देव आठवतो. स्कूटर नसेल तर वसई स्टेशनहून बस किंवा शेअर रिक्षा मिळते. पारनाक्यावर ऑम्लेट-पाव आणि चहा घेऊन घ्या. पाण्याची बाटली सोबत हवीच.

वसईच्या किल्ल्यात जुन्या चर्चच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, छप्पर आभाळाचं. खाली फरशीत कबरी. तिथं एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. फोटोग्राफर ओरडत होता, "सर, मॅडमच्या जवळ जा ना, और थोडा!"

"अहो थांबा, पायाखाली कोणाचं तरी नाव आहे," मुलगी म्हणाली.

"फ्रेममध्ये येत नाही ते!"

तिनं सँडल काढल्या, बाजूला ठेवल्या आणि अनवाणी उभी राहून त्याच्या गळ्यात हात टाकले. मला ही पोरगी फार आवडली. प्रेमकविता वेगळी, शोककविता वेगळी म्हणे! चिटणीसांना इथं आणून उभं करायला हवं होतं.

किल्ल्याला लागूनच पाचूबंदर, कोळ्यांची वस्ती. मासळीच्या लिलावाची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून ठेवा, आणि पावसाळ्यात जाऊ नका, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, खाली मांजरी, आणि गलका एवढा की शेजारच्याशीही ओरडूनच बोलायचं. आमची नेहमीची मासेवाली फिलूबाय माशांच्या पाटीमागे बसली होती.

"आलीस? आनि तो कुठंय, घासाघीस करनारा?"

"गेले ते."

"कुठं गेला?"

इतके महिने "गेले" सगळ्यांना पुरत होतं. हिला पुरेना. मी पुन्हा म्हटलं, तिनं कानामागे हात धरला. मग मी जीव खाऊन ओरडले, "मेला!"

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. फिलूबाय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले आणि ती चिडून म्हणाली, "मेला, असा कसा मेला!"

पहिला मेला मायेचा, दुसरा मरणाचा. एका दमात. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला. तिनं ओल्या बोंबलांचा वाटा बांधला, वर एक बोंबील टाकला. "घे, वरचा एक दे म्हनून भांडायचा ना."

निघताना मी तिथूनच चिटणीसांना फोन लावला. म्हटलं, मेल्याच राहणार, नाहीतर मी येत नाही. ते "बघू, बघू" करत राहिले. बघा खुशाल! शब्दानं माणूस मरत असता तर वसई तालुक्यात एक नवरा उरला नसता. माझ्या माणसाला मी काय म्हणून बोलवायचं, हे तो जिवंत असताना कोणी ठरवलं नाही, आता काय ठरवणार?

या फेरीतून घरी काय आलं म्हणाल तर दोन दिवस न जाणारा वास आणि माझा शब्द. बोंबलांना रवा लावून तव्यावर टाकले आणि ओट्याशीच कविता म्हणून बघितली. शेवटच्या ओळीपाशी आवाज हलला, पण म्हटली.

"जेवण गार होतंय, ये की रे मेल्या."

ताटं घेत असलेल्या सासूबाई थबकल्या. "अगं, वास्तू..."

"म्हणू दे," मी म्हटलं. "या खेपेला तर म्हणू देच तिला तथास्तु."

त्यांनी ताटं मांडली. बोंबील चरचरत होते, मी ते उलटले. मग पाठीमागून आवाज आला.

"मग मोठ्यानं म्हण. एका हाकेत कधी आलाय तो?"