पेरलेलं गिऱ्हाईक

"अगं, एकदम डोळे फाडून बघू नकोस. ती हिरव्या साडीवाली इकडं वळली का?"

"वळतेय वळतेय. तुम्ही आधी तोंडावरचं बारा वाजलेलं घड्याळ काढा."

बायकोच्या टोमण्यावर वस्तऱ्यानं हसून गाजर उचललं. किसण्या विकणाऱ्या या गड्याची जीभ अशी चाले की बाजारात सगळे त्याला वस्तराच म्हणत. बाजारगल्लीच्या वळणावरचा कोपरा त्याचा. बापानं धरलेला, यानं टिकवलेला. तिथं कागद ना पावती. जो रोज बसेल, कोपरा त्याचा. तोच कोपरा चार दिवस चुलतभावाच्या हवाली करून तो या ग्राहक मेळ्यात आला होता. डोक्यावर छप्पर, पंख्याचा वारा, आणि मेळावाला साहेब म्हणाला होता, माणसं आवरायची नाहीत.

आवरायला माणूस होतं कुठं? कर्ण्यावरची बाई मात्र सकाळपासून गोड आवाजात बजावत होती, 'कृपया गर्दी करू नका.' मागच्या रांगेचे दिवे कुणीतरी मालवले. मग त्यापुढच्या रांगेचे. साहेबाच्या खोलीला कुलूप होतं.

हिरवी साडी समोर येऊन उभी राहिली. वस्तऱ्याच्या अंगात वारं शिरलं.

"या ताई! बोट कापायची भीती वाटते? अहो, या किसणीला फक्त भाजी कळते. नाहीतर घरातल्या कितीजणांची नाकं आधीच कापली असती!"

बाई खळखळून हसली. मागं दोघं थांबले. बाई मोठ्यांदा म्हणाली, "अय्या, किती बारीक पडतंय! आमच्या शेजारणीनं नेली, ती तर रोज गुण गाते."

वस्तऱ्याचा हात जागीच थांबला. हे बोलणं त्याच्या धंद्यातलं होतं. गिऱ्हाईक जमेना की घरचं माणूस समोर पेरायचं. त्यानं असंच म्हणायचं, पिशवी भरून निघायचं आणि वळसा घालून परत यायचं. त्याचा स्वतःचा मेव्हणाही आत्ता त्याच्याच किसण्या पिशवीत घालून हॉलभर फिरत होता.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

बाई ओशाळली. "काचा पुसायचं औषध विकतात ना, त्यांची मी बायको. तिथं उभं राहून कंटाळले हो. तोंडाला सवय, बोलून गेले."

"आणि हे मागचे?"

"तो मुंग्यांच्या खडूवाल्याचा साडू. म्हातारबाबा गादीवाल्याचे सासरे."

वस्तऱ्यानं हॉलभर नजर फिरवली. भरलेल्या पिशव्या, हसरी तोंडं, पुन्हा पुन्हा तीच माणसं. सगळे एकमेकांच्या पेरणीला भुलून गळा फोडत होते. अख्ख्या हॉलात खरं गिऱ्हाईक एक नव्हतं.

त्याच्या बायकोनं कोपऱ्याची खबर घ्यायला चुलतदिराला फोन लावला. फोनमधून बोलण्याआधी हातोड्याचे घाव ऐकू आले.

"वहिनी, दादाला म्हणावं निवांत या. ऊन फार लागतं इथं. वर पत्रा टाकून घेतोय. फळीही ठोकली."

"कुणाला विचारून, भावजी?"

पलीकडं नुसता हातोडा.

वस्तरा धावत दारावर गेला. पहारेकरी पाय पसरून बसला होता. "माल मेळा संपेपर्यंत बाहेर जायचा नाही. साहेबाची चिठ्ठी आणा."

"साहेब कुठंय?"

"आम्हीपण त्यालाच शोधतोय."

तो परतला तो घामानं निथळत. माल सोडून जावं, तर उद्या विकायचं काय? आणि माल धरून बसावं, तर विकायचं कुठं?

"तू नीघ," तो बायकोला म्हणाला. "कोपऱ्यावर जाऊन बस."

"रिकाम्या हातानं?"

"हो. पत्र्याखाली बस, फळीवर बस, त्याच्या मांडीला मांडी लावून बस. हाकललं तरी हलू नकोस."

बायकोनं पदर खोचला आणि मागं न बघता निघाली.

काचवाल्याची बायको अजून तिथंच घुटमळत होती. "मी जाऊ का हो?"

"थांबा ताई," वस्तरा म्हणाला. "बोलायला कुणीतरी समोर लागतंच." आणि त्यानं नवं गाजर सोलायला घेतलं.