बाबांचा डावा हात

बाबा सिलतऱ्याला कारखान्यात भट्टीवर होते. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. हातमोजे चढवले की आग व्हायची, आणि हातमोज्यांशिवाय भट्टीपाशी कोणी उभं करत नाही. बाबा सुटी टाकून घरी बसले.

आईने कडुनिंबाचा पाला वाटायला घेतला. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, त्याचा अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. मी म्हटलं, "लेप उजव्याच हाताला लाव. डावा नुसत्या पाण्याने धू. पाल्यात खरंच गुण आहे की पुरळ आपोआप जातं, ते तरी कळेल."

"डाव्यानं काय पाप केलं व?"

"करू दे तिले," बाबा म्हणाले. "हात माहे आहेत, तुले काहून त्रास होऊन राहिला?"

तेलीबांध्याला एका ऑफिसात मी नोकरीला लागले होते; तिथून आले की मी रोज दोन्ही हात खिडकीशी धरून पाहायची. दोन्ही निवळत होते, अगदी सारखे. शेवटी मी जाहीर केलं, "पाल्याचा काही उपयोग नाही."

आईला ते सहन झालं नाही. "असं कसं? दुपारी डाव्यालेही लावत होती मी! एका हाताची आग पाहत बसू काय?"

"हव," बाबा खाली मान घालून हसले. "तू यायच्या आधी धुऊन टाकत होतो."

"म्हणजे पाल्यानंच बरं झालं!" आई.

"तेही म्हणता येत नाही आता," मी म्हटलं. " हातमोजे सुटले, म्हणूनही गेलं असेल."

बाबा कामावर गेले आणि पुरळ परत आलं. मग मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, हातमोजे पिशवीत घेऊन. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे उलटे करून आतलं रबर पाहिलं, मलम लिहून दिलं आणि आतून सुती अस्तर घालायला सांगितलं.

"घर में क्या लगाया था?"

"नीम," मी म्हटलं. "फायदा हुआ कि नहीं, पता नहीं."

दुसऱ्या दिवशी आईने बाबांची जुनी बनियान फाडली आणि अस्तर शिवायला बसली. त्या अस्तरावरच बाबा पुढे कामावर टिकले. शिवता शिवता मशीन थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही हातांचं शिवू, का एकाचंच?"