चाळीस सारवणांखाली

माणिकबाईंचा नवरा खुशालराव घरातून निघून गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. आदल्या संध्याकाळी त्याचं आणि धाकट्या भावाचं, गोवर्धनचं, वाटणीवरून भांडण झालं होतं. सकाळी अंथरूण रिकामं. कोणी म्हणे हैदराबादेकडे पलटणीत गेला, कोणी म्हणे बैराग्यांच्या नादी लागला. काही जण काहीच म्हणत नसत, नुसते गोवर्धनकडे बघत.

माणिकबाई दिराच्याच घरी राहिल्या. कपाळाला कुंकू, गळ्यात काळे मणी. घरची जमीन सारवावी ती त्यांनीच. हात इतका साफ की ओलं सारवण वाळल्यावर त्यावर बोटाचा ठसाही दिसत नसे. गोवर्धन मान खाली घालून जेवायचा, त्या मान खाली घालून वाढायच्या. त्याच्यावर संशय आहे असं त्या कधी बोलल्या नाहीत. नाही असंही बोलल्या नाहीत.

त्यांचं गाव पूर्णेच्या काठचं. गावाच्या खालच्या अंगाला कोसभर पाणथळ पसरलेली. पावसाळ्यात साचलेलं पाणी पौषापर्यंत हटत नसे. लव्हाळी माणसाच्या छातीला लागत. मध्ये तीन टेकाडं होती. कधीकाळी तिथं वस्ती होती म्हणून गाव त्यांना पांढऱ्या म्हणे आणि घराच्या धाब्याच्या छतावर टाकायला तिथली माती आणी. त्यापलीकडे त्या जागेशी कोणाला काम नव्हतं.

मग अमेरिकेत लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला बापजाद्यांनी ऐकला नव्हता असा भाव आला. जो तो वीतभर जागा मिळेल तिथं सरकी टोबू लागला. अठराशे चौसष्टच्या माघात गोवर्धननंही ठरवलं, पाणथळीतलं पाणी चर खणून नदीत सोडायचं आणि तिथं कपाशी घ्यायची. चर मधल्या पांढरीच्या कडेतून जात होता. चौथ्या दिवशी कुदळीबरोबर माणसाच्या पावलाची हाडं वर आली.

दुपारपर्यंत सगळा गाव चरावर गोळा झाला. तिसऱ्या प्रहरी तालुक्याचा जमादार आला. त्यानं चरात वाकून पाहिलं, चार जणांना विचारलं आणि गोवर्धनला चावडीत नेऊन बसवलं.

"भावाले इथंच गाडलं ना तू?" त्यानं विचारलं.

"नाई," गोवर्धन म्हणाला.

माणिकबाईंना कोणी तरी घरी येऊन सांगितलं. त्या चुलीपुढून उठल्या, हात धुतले, आणि कुंकू पुसायचं की नाही हे न कळून तशाच उभ्या राहिल्या.

त्या हंगामात मोजणीखात्याचे एक साहेब पाणथळीपलीकडे तंबू ठोकून होते. मोजणी झाली की ते पांढऱ्यांत लहान लहान खड्डे घेत, खापरं आणि मणी जमवत, कोणती वस्तू किती हात खोल निघाली ते लिहवून ठेवत. लिहिण्याचं काम अमरावतीचे कारकून वामनराव यांच्याकडे होतं. हाडं निघाल्याचं कळताच दोघं आले. जमादार सगळं उपसायला निघाला होता. साहेबांनी त्याला दोन दिवस थांबायला लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चराची कड खुरप्यानं तासून गुळगुळीत केली. मातीचे थर दिसू लागले. राख, भाजलेली माती, पुन्हा राख. त्याखाली दोन बोटं जाडीचा एक कठीण पट्टा, आणि हाडं त्या पट्ट्याच्या खाली. साहेबांनी इंग्रजीत काही सांगितलं. वामनरावांनी जमादाराला सांगितलं, "हाडं जुनी असावीत असं साहेबांना वाटतं. पण वरून खड्डा करून कोणी नंतर पुरलं नसेलच, असं छातीठोक सांगता येत नाही."

माणिकबाई गर्दीमागे उभ्या होत्या. पदर सावरत त्या पुढे आल्या आणि कोणाला न विचारता चरात उतरल्या. पट्ट्यावर त्यांनी थुंकीचं बोट फिरवलं. ओल लागताच त्यात केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. एक पिवळसर, एक काळपट, पुन्हा पिवळसर.

"हे सारवण हाय," त्या म्हणाल्या.

वामनराव वाकले. "काय म्हणालात, बाई?"

"कोनाच्या तरी घरची जमीन हाय ही. पिवया मातीचा एक हात, वरून शेनाचा एक हात. पोपडे धरले का पुन्हा तसंच." त्या नखानं रेघा मोजू लागल्या. चाळीसच्या पुढं रेघा एकमेकींत मिसळल्या, तेव्हा थांबल्या. "इतकी सारवनं हायेत. अन् एक बी तुटलं नाई. आमच्या घरी जमिनीतलं धान्याचं पेव बुजवलं, त्याले सात वर्सं झाली. वरून कितीदा सारवलं, तरी जोड दिसतेच. इथं जोड कुठी हाय? दाखवा मले."

वामनरावांनी साहेबांना हे इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी भिंग काढून पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. जोड नव्हता. मग त्यांनी वरची माती हात हात काढून पट्टा उघडा केला. सगळी खोली वर आली: चूल, पाट्याची जागा, आणि अखंड जमीन. जमादारानं स्वतः गुडघे टेकून ती तपासली. त्याच्यासमोरच जमिनीचे तुकडे कापून काढले, तेव्हा खालचं माणूस दिसलं. कुशीवर निजवलेलं, उशाशी काळ्या तोंडाचं तांबडं गाडगं, मनगटात हिरवं पडलेलं तांब्याचं कडं. दात मुळापर्यंत झिजलेले. खुशालराव गेला तेव्हा तिशीतला होता, सुपारी कडाकडा फोडायचा.

"हे कोणी म्हातारं माणूस आहे," वामनराव म्हणाले. "किती शे वर्षांपूर्वीचं, ते साहेबांनाही सांगता येणार नाही."

माणिकबाई चराच्या काठावर मटकन बसल्या. नऊ वर्षांत त्या रडल्या नव्हत्या. आता पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. जवळच्या बायकांना वाटलं दुःखानं. पण त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता.

जमादारानं त्याच संध्याकाळी गोवर्धनला सोडलं. तो घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. माणिकबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मी बी तुमच्याबद्दल मनात आनलं होतं. नऊ वर्सं."

"मले मालूम होतं, वयनी."

"मंग बोलले काहून नाई?"

"काय बोलू? मी त्याले शिव्या देल्या होत्या. थो गेला तं माह्याच तोंडापायी गेला, हे तं खरंच होतं."

माणिकबाई खाली बसल्या. "जानारा गेला," त्या म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या. दोन दिवसाचे उपाशी हायेत."

त्या दिवशी गोवर्धन मान वर करून जेवला, भाकर मागून घेतली.

चर पुढं गेला नाही. साहेबांनी ती पांढरी खणायला मागितली आणि गोवर्धननंही आनंदानं दिली. त्याला तिथं कपाशी बघण्याची इच्छाच उरली नव्हती. त्या हंगामात आणि पुढच्याही, माणिकबाई रोज चरात उतरत. खाली कुठं जमीन लागली की वामनराव त्यांना हाक मारत, आणि त्या ओल्या बोटानं सांगत, इथं घर, इथं अंगण, इथं नुसती पायवाट. वामनराव ते लिहून घेत. तीन टेकाडांत मिळून अकरा घरं त्यांनी ओळखली. एका घराच्या जमिनीत जेमतेम चार सारवणं मोजून त्या म्हणाल्या होत्या, "ही बाई आयशी होती," आणि वामनराव हसू दाबत पुढचं विचारू लागले.

पुढं लढाई थांबली, भाव उतरला, साहेबांचा तंबूही उठला. त्या कार्तिकात गोवर्धनच्या घरची बैलगाडी कौंडण्यपूरच्या यात्रेला निघाली. आजवर माणिकबाई अशा वेळी घरीच राहत. मागून घरधनी आले आणि दाराला कडी दिसली तर, एवढंच कारण सांगत. या खेपेला त्यांनी शेजारणीला सांगितलं, "कोनी आलं तं पानी दे अन् बसव," आणि गाडीत चढल्या. वर्धेच्या पाण्यात उतरून त्यांनी तीनदा बुडी मारली, आणि परतताना गाडीत गोवर्धनच्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून घर येईस्तोवर गाढ झोपल्या.