कारभारींची उंच गाडी

कारभारी,

तुमचा फोन लागत नाही. स्टँडवरचा हर्षल म्हणाला, नामपूरला तुमच्या मळ्यात रेंज नसते, आणि असली तरी तुम्ही उचलत नाही. म्हणून कागद घेतला. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिणार. चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मधल्या पायऱ्या गाळून लिहिलेलं उत्तर मला कधी चाललं नाही. स्वतःचंही चालणार नाही.

तुमची माझी ओळख नऊ वर्षांची. नवरा गेल्यावर मी आमची गाडी विकली आणि त्र्यंबक नाक्याच्या स्टँडवरून तुम्हाला बोलवायला लागले. त्याआधी अठरा वर्षं तुम्ही सातपूरच्या एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर होतात. तो बंद पडला, मिळालेल्या पैशांतून तुम्ही डिकीवाली पांढरी सेडान घेतलीत आणि ड्रायव्हर झालात. पण लेथ हातातून गेला नव्हता. गाडी थांबायची ती दार बरोबर माझ्या फाटकासमोर. वीतभर पुढे नाही, वीतभर मागे नाही. बडबड नाही, गाणी नाहीत. तुमच्या डब्यासोबत तुमच्या पत्नी कुसाबाई माझ्यासाठी ठेच्याची पुडी वेगळी बांधायच्या. मॅडम तिखट खात नाहीत, हे तुम्ही घरी सांगितलं नाहीत, म्हणून मी खायला शिकले. त्या बाईंना मी पाहिलेलं मात्र नव्हतं. त्या आजारी असतात एवढं ठाऊक होतं. काय आजार, हे मी विचारलं नाही. नऊ वर्षांत विचारायला वेळ झाला असता.

गेल्या वर्षी जानेवारीत गंगापूर रोडच्या सिग्नलला तुम्ही म्हणालात, “मॅडम, गाडी बदलायची म्हणतोय. जरा उंच घ्यावी.”

“उंच म्हणजे?”

“एसयूव्ही. जुनीच बघतो.”

“हिला काय झालं?”

“काय नाय झालं. पण आता सगळे उंचच घेऊन राह्यले.”

‘सगळे’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी लगेच वर्ग भरवला. गाडी जितकी उंच, तितका गुरुत्वमध्य वर, वळणावर कलंडायची भीती जास्त. डिझेल जास्त. बॉनेट इतकं उंच की पुढ्यात उभं असलेलं लहान मूल दिसत नाही. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून स्टँडवर उतरून हर्षल आणि दीपकलाही विचारलं: तुम्हा पोरांना हे उंच गाडीचं खूळ कुठून लागलं?

हर्षल म्हणाला, “मॅडम, सेडानला हायवेवर कुत्रं विचारत नाय. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून रस्त्याखाली उतरवतो. उंच गाडी दिसली की तोच साइड देतो.”

“अन् खड्डे!” दीपक म्हणाला. “सेडानवाल्याला खड्डा कधी दिसतो? आत पडल्यावर. वर बसलं की लांबून दिसतो. शिवाय एकेक स्पीडब्रेकर असा हाय, आमचं पोट घासल्याशिवाय पुढं जाऊ देत नाय.”

“लग्नाची पार्टी फोन करती ना, पहिला सवाल, गाडी कोणती? सेडान म्हटलं की फोन कट,” हर्षल म्हणाला.

“म्हणजे शेवटी रुबाबच,” मी म्हणाले.

“रुबाब तर रुबाब,” दीपक म्हणाला. “तुम्ही बी चौतीस वर्षं प्लॅटफॉर्मवर उभं राहूनच शिकवलं ना मॅडम? खाली उभं राहून का नाय शिकवलं?”

सगळा स्टँड हसला. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. गाडीत बसताना मी तुम्हाला म्हणाले, “कारभारी, तुम्ही यांच्यातले नाही. लोकांना दिसावं म्हणून उंच बसायचं तुमचं वय राहिलं नाही. चालतेय ती गाडी चालवा.”

“बरं, मॅडम,” तुम्ही म्हणालात.

तुमच्या त्या ‘बरं’चा मला अभिमान वाटला, हे लिहून ठेवते. गडी समजुतीचा आहे, दोन गोष्टी सांगितल्या की ऐकतो, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

ऑगस्टमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही मला घरी आणलंत. सेडानच्या सीटवर बसणं म्हणजे बसणं नव्हेच, पडणं. ते कसंबसं जमलं. फाटकाशी आल्यावर उठायची वेळ आली आणि लक्षात आलं की हे होणार नाही. सीट इतकी खाली की गुडघे कमरेच्या वर. सोसायटीचा वॉचमन धावत आला, समोरच्या दुकानातला माणूस आला, दोघांनी माझ्या काखेत हात घातले. मी ओरडले. तुम्ही दोघांना मागं सारलंत. मग दाराशी उभं राहून उजवा हात कोपरापासून ताठ माझ्यापुढे धरलात, गजासारखा.

“मी धरत नाय, मॅडम. तुम्ही मला धरा. घाई नाय.”

चार मिनिटं लागली असतील. पण उठले ती माझी मी. घरात खुर्चीवर टेकल्यावर विचारलं, “हे कुठे शिकलात?”

 तेव्हा तुम्ही सांगितलंत. कुसाबाईंच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. गुडघेही गेलेले. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये सेडानमधून त्यांना उठता यायचं नाही, आणि तुम्ही गाडी बंद करून वळसा घालून येईपर्यंत दोन मदतनीस काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढायचे. पदर खाली, पाय अधांतरी, आणि सगळं पोर्च बघतंय.

“ती म्हणती, मी काय कांदानी गोणी शे? पोरं वाईट नायत, मॅडम. त्यांना बी दिवसाला पन्नास पेशंट. पण ती आता नाय म्हणायला लागली. सोमवार आला की म्हणती, आज नको. मागच्या महिन्यात डायलिसिसच्या चार पाळ्या चुकल्या.”

“आणि उंच गाडीचं—”

“त्याच्यासाठीच व्हतं.”

“मग जानेवारीत बोलला का नाहीत!”

“बाईमाणसाच्या पदराची गोष्ट स्टँडवर कशी बोलायची?”

रिक्षानं नेऊन पाहिलं होतंत, दोन टॅक्सीवाल्यांना विचारलं होतंत; जमलं नव्हतं. आणि ‘चालतेय ती चालवा’ असं शिकलेल्या बाईनं सांगितलं, म्हणून थांबला होतात. जानेवारी ते ऑगस्ट.

ऑक्टोबरात आपण दोघं जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. मी काठी टेकत, तुम्ही खिशात सुतळी घेऊन. कुसाबाई तुमच्या घराच्या ओट्यावरून एकट्या उठू शकायच्या. खाटेवरून नाही, खुर्चीवरून नाही. तुम्ही ओट्याची उंची सुतळीनं घेऊन तिथं गाठ मारली होती. गाडी दिसली की दार उघडायचं, सुतळी जमिनीला लावायची, गाठ सीटला येते का बघायची.

विकणारा वैतागला. “काका, इंजिन बघा, किलोमीटर बघा. सुतळीनं काय मांडव मोजून राह्यले?”

सगळ्यांत उंच, सगळ्यांत रुबाबदार गाडी तुम्ही पहिल्याच फेरीत बाद केलीत. तिच्यात चढावं लागत होतं. खाली पडायला नको आणि वर चढायलाही नको, पाठ टेकवून मागे सरकलं की माणूस बसला पाहिजे. अकरा गाड्या झाल्यावर गाठ जुळली. रंग करडा, मागच्या दाराला पोचा. माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतका नेमका प्रयोग केला नाही.

पहिल्या सोमवारी मीही आले, आणि तेव्हा कुसाबाई पहिल्यांदा दिसल्या. बारीक, काळ्यासावळ्या, नाकात मोठी नथनी. गाडीकडे पाठ केली, हात मागे नेला, सीट चाचपली, टेकल्या. मग एकेक पाय आत घेतला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मॅडम, ठेचा तिखट लागस का?” मी खोटं बोलले. पोर्चमध्ये दोन मदतनीस सवयीनं धावत आले. कुसाबाईंनी तळहात दाखवला. “सरका. मी उतरस.” आणि उतरल्या. पदर होता तिथंच होता.

त्यानंतर चार महिने एकही पाळी चुकली नाही. म्हणून माझं मत बदललं, असं समजू नका. धडधाकट माणसानं एकट्यानं बसून भाजी आणायला रणगाडा काढावा, हे मला अजूनही पटत नाही. पण कोण कशासाठी उंच बसतो, हे विचारल्याशिवाय उत्तर ठोकायचं नाही, हे मला पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवता येत होतं आणि स्वतःला नाही.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी कुसाबाई पोर्चच्या बाकावर बसून इतरांकडे बघत होत्या. नांदगावच्या तानुबाई सेडानमधून येत. त्यांना दोघं तसंच ओढून काढत होते, त्या डोळे मिटून घेत होत्या. कुसाबाई म्हणाल्या, “यास्ले बी धराले काहीतरी पाहिजे.” दुसऱ्याच दिवशी तुम्ही सातपूरच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टीलचा गज वाकवून, पॉलिश करून आणलात. पोर्चच्या खांबाला लावायचा, गाड्या थांबतात तिथं, म्हणजे ज्याला उठायचंय तो स्वतः धरेल. परवानगीचा अर्ज मी लिहायचा. मंगळवारी कुसाबाईंचं डायलिसिस नसतं, तेव्हा आपण दोघांनी मिळून जाऊन द्यायचा, असं ठरलं.

रविवारी पहाटे कुसाबाई गेल्या.

डॉक्टर म्हणाले, पाळ्या चुकल्या त्या काळातच हृदयावर ताण आला होता. त्या पाळ्या किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या कुणाच्या सांगण्यावरून चुकल्या, तेही. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. दहाव्याला मी आले, तर मलाच आधी खुर्ची दिलीत. तुम्ही बोलावंत म्हणून मी तासभर बसले. तुम्ही चहा आणलात. म्हणून आता मी लिहिते: चूक माझी होती, आणि ती साधी नव्हती.

तेव्हा गज तुमच्या दाराआड गोणपाटात गुंडाळून उभा होता. मी बघितला. मी बघितला हे तुम्ही बघितलंत.  पंधरा दिवसांनी तुम्ही घर बंद करून नामपूरला गेलात.

गेल्या आठवड्यात गुडघा दाखवायला मी त्याच हॉस्पिटलात गेले होते. तानुबाई उतरत होत्या. काखेत हात, डोळे मिटलेले.

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. खाली माझी सही आहे, तुमच्या सहीची जागा कोरी आहे, वर तारीख घातलेली नाही. मंगळवार पुष्कळ आले. आपण गेलो नाही.