हंड्यातली साखर

आमच्या गल्लीत लग्नघरी साखर द्यायची एक रीत होती. माजघरात तांब्याचा हंडा ठेवायचा, वर फडकं टाकायचं. बायका पदराआड आपापली साखर घेऊन यायच्या, फडक्याखाली हात घालून ओतायच्या आणि चहासुद्धा न घेता निघून जायच्या. कुणी किती ओतली ते बघायचं नाही, विचारायचं तर नाहीच. ज्याच्या घरात वाटीभरच असेल त्याची मान खाली जाऊ नये, एवढाच त्यातला मतलब. पण ती रीतच आमच्या मुळावर आली.

ते दुष्काळाचं साल. विट्याच्या अलीकडं आमचं गाव. सगळी गल्ली दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि रेशनच्या तांबड्या मिलोवर, त्या परदेशी ज्वारीवर, जगायची. साखरही रेशनवरच. तिकडं कृष्णाकाठी उसाची रानं आणि इकडं आम्ही साखरेसाठी रांगेत, काय बोलणार! त्यात माझं लग्न ठरलं. मुलगा माधवनगरच्या गिरणीत कामाला. गल्लीनं गुळाचा चहा पिऊन आपल्या वाट्याची साखर माझ्यासाठी हंड्यात आणून ओतली.

एका सकाळी पुरवठा खात्याचे साहेब दारात उभे. कुणी कळ लावली ते आजवर कळलेलं नाही. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक त्यांनी बरोबर आणला होता, दुसरे म्हणून आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. साहेबांनी फडकं उचललं. हंडा गळ्यापर्यंत भरलेला.

"एवढी साखर कुणाची?"

आमचे आबा मिलिटरीतून पेन्शनीत आलेले. उभे राहिले तरी परेडला उभे राहिल्यासारखे. आईच्या तोंडून निघालंच, "आवं, सांगा की त्यास्नी, ही समद्या..."

"तू गप," आबा म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "माझी हाय."

काकांनी खाली मान घालून पंचनाम्यावर सही केली. साखर जप्त झाली आणि आबांवर साठेबाजीचा खटला भरला. जामिनावर सुटून घरी आले तेव्हा मी त्यांच्यावर तुटून पडले. मी मुळात फटकळ, त्यात माझ्याच लग्नापायी हे झालेलं. दुसऱ्याची साखर आपली म्हणायचं शहाणपण कुणी सांगितलं होतं, असं तोंडावर विचारलं.

"रेशनची साखर दुसऱ्याला दिली म्हणून समद्यांची कार्डं जातील," आबा म्हणाले. "मग पोरं खातील काय? खडी?"

विट्याच्या वकिलानं तरी वाट काढली होती. एखाद-दुसऱ्याचं कार्ड गेलं तर जाऊ दे म्हणाला, पण प्रत्येकानं किती दिली ते कोर्टात सांगू दे. बेरीज जप्त मालाशी जुळली तर सुटाल. आबा म्हणाले, "कुणी किती घातली ते मी कुणाला इचारणार न्हाई." वकिलानं कपाळाला हात लावला. शिक्षा झाली तर आबा आत जाणार. पेन्शन राहते की जाते, तेही कुणी छातीठोक सांगेना. माधवनगरहून निरोप आला, निकाल लागू दे, मग बघू.

तारखेला मी हट्टानं कोर्टात गेले. काका साक्षीला उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा आणि हात कठड्यावर घट्ट. सरकारी वकिलानं विचारलं, "साखर आरोपीच्या घरात सापडली?"

"व्हय."

"साखर आरोपीची होती?"

काका नाही म्हणाले तर पुढचा प्रश्न येणार, मग कुणाची? घरभर पोरं, त्यांच्या तोंडचं रेशन. मी मनात म्हणत होते, काका, बोला, काय व्हायचं ते होऊ दे. काकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. ती हालचाल मी पाहिली आणि तरीसुद्धा वाटलं, हा माणूस नाही म्हणेल.

"त्यांचीच," काका म्हणाले.

आबांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, सांगलीच्या तुरुंगात नेलं. मला त्या दिवशी आबांपेक्षा काकांचा जास्त राग आला, इतका की त्यांच्या दारावरून पाण्याला जाणं मी सोडून दिलं. गल्लीनंही त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं. आमच्याच घासासाठी तो माणूस खोटं बोलला, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

माझा होणारा नवरा एके दिवशी एसटीनं आला. आमच्या पायरीवर बसून म्हणाला, "तुमच्या वडिलांनी कुणाचं लुटलं न्हाई, एवढं मला कळतंय. लग्नाची तारीख धरा." आई रडली. आबांना विचारायला म्हणून ती सांगलीला जाऊन आली, आणि आली ती तोंड पाडून.

"कन्यादान शेजारच्यांनी करायचं म्हणतात. त्यांच्याबिगर दुसरं कुणी बसलं तर लग्नच करू नका म्हणतात."

मी म्हटलं, मी बोहल्यावर चढणार नाही. आई म्हणाली, "मग त्यास्नी जाऊन सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं." मीही गेले नाही. तुरुंगातल्या माणसाला नाही म्हणायचं कसं?

लग्नाच्या दिवशी काका आणि काकू पाटावर बसले. भटजींनी माझा हात काकांच्या हातात दिला, त्यावर नवऱ्याचा. काकू वरून पाणी सोडायला लागल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझा राग गेला नव्हता, खरंच नव्हता. पण त्यांचा हात इतका कापत होता की पाणी ठरेना, सगळं बाजूनं खाली जायला लागलं. भटजी म्हणाले, हात स्थिर ठेवा. ते त्यांना जमेना. मग मी माझा दुसरा हात खाली घातला आणि त्यांचा हात धरून ठेवला.