उरलेला सगळा तागा

मी तिला सगळं शिकवलं, ही माझी चूक.

ती आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोबर माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहते. मूळची पुण्याची, नवरा तांजोंग पगारला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लिफ्टमध्ये मला मुलीशी मराठीत बोलताना ऐकलं आणि तिने मला मिठीच मारली. "परदेशात, बिशानमध्ये आपलं माणूस भेटलं गं!" तेव्हा मीही हरखले होते.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे. आठवडाभर कंपनीची बस, पास, हेल्मेट. शनिवार मात्र माझ्या शिलाई मशीनचा. त्या सुमारास मला एकाच कापडाच्या गोधड्यांचं वेड लागलं होतं. कम्युनिटी क्लबातल्या एका निवृत्त चिनी शिक्षिकेने मला ती पद्धत शिकवली होती. मोठ्या फुलापानांचं छापील कापड घ्यायचं. त्यावरचं चित्र ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतं. तेवढ्या अंतराचे सहा तुकडे कापायचे आणि एकावर एक असे रचायचे की वरच्या तुकड्यातल्या फुलाच्या टोकाला टाचणी खुपसली तर ती खालच्या पाचही तुकड्यांत त्याच टोकातून आरपार जावी. मग पट्ट्या, पट्ट्यांचे त्रिकोण. एका कापात सहा जुळे त्रिकोण हातात येतात. ते जोडून षटकोन केला की कॅलिडोस्कोपमध्ये दिसावी तशी नक्षी उमटते. मूळ कापडात ती कुठेच नसते.

हे मी तिला वर्षभर शिकवलं. दर शनिवारी ती वर यायची, माझ्याच टाचण्या, माझीच कटिंग मॅट वापरायची. टाचण्या लावायचा तिला कंटाळा. "तूच लाव ना, तुझा हात स्थिर आहे," म्हणायची. मी लावायचे.

मग आमच्या ओळखीतल्या मराठी बायकांनी एका काँडो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये हस्तकलेचं छोटं प्रदर्शन ठेवलं. माझी सगळ्यात मोठी गोधडी, लाल जास्वंदीच्या कापडाची, तिनेच हौसेने आदल्या दिवशी नेऊन टांगली. मी प्लांटमधून थेट पोचले. बूट काढून आत शिरले तेव्हा ती गोधडीसमोर उभी राहून पाचसहा जणींना समजावत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"रंगसंगती, मांडणी सगळी माझी," ती म्हणाली. "शिवलंय तिने. त्यांच्यात ते रक्तातच असतं ना, चिंध्या जोडणं."

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. 'त्यांच्यात' म्हणजे कोणाच्यात, हे तिथे कुणालाच विचारावं लागलं नाही. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हे प्रत्येकीने पाहिलं होतं.

तेवढ्यात ती वळली. "अगं, आलीस? तुझंच कौतुक चाललं होतं!"

प्लेटमध्ये ढोकळा घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला. रक्तात म्हणे. आमच्या घरात कुणी कधी सुई धरली नव्हती. आई हायस्कूलात गणित शिकवायची, बटण तुटलं तर शेजारच्या काकूंकडे पाठवायची. ते साठ अंशांचे कोन कुठून आले असतील तर तिथून आले असतील.

घरी येऊन मी रडले नाही. मी वाट बघायची ठरवली.

फार वाट बघावी लागली नाही. क्लबात क्विल्टचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि तिला त्यात एकटीच्या नावावर काहीतरी भव्य मांडायचं होतं. तिने चायनाटाउनमधल्या एका दुकानातून कापड आणलं, गडद निळ्यावर नारिंगी लिली आणि हिरवे पोपट. खरंच देखणं होतं. "शनिवारी येऊ का? टाचण्या लावून देशील?" तिने मेसेज केला. मी लिहिलं, "प्लांटमध्ये शटडाऊन आहे, जमणार नाही." शटडाऊन नव्हता.

तिने एकटीने कापलं आणि जे व्हायचं तेच झालं. थर सरकले. सहापैकी दोन तुकड्यांत पोपटांच्या माना भलतीकडे गेल्या, त्रिकोण जुळेनात. गुरुवारी तिचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. दोन तुकड्यांपुरतं कापड आणखी हवं होतं, दुकानात एकच तागा उरला होता, आणि ती शनिवारी जाऊन आणणार होती.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. एमआरटी मेट्रोने जाताना मधेच उतरावंसं एकदाही वाटलं नाही. दुकानातल्या अंकलना मी तिने पाठवलेला कापडाचा फोटो फोनवर दाखवला. त्यांनी तागा काउंटरवर आपटून विचारलं, "हाऊ मच यू वाँट?"

"ऑल."

"वा, सो मच! मेक कर्टन, आह?"

"येस अंकल. कर्टन."

"धिस वन लास्ट ऑलरेडी, हॉर. नो मोअर कमिंग."

मला तेवढंच ऐकायचं होतं.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. "कुणीतरी बाई येऊन सगळा तागा घेऊन गेली गं! पडद्यांसाठी! असल्या कापडाचे कुणी पडदे करतं का?"

"अरेरे," मी म्हणाले. फोन ठेवला आणि कापड कापायच्या सुरीला नवं पातं बसवलं.

दोन महिने लागले. एवढ्या रागाने आणि एवढ्या काळजीने मी आयुष्यात काही शिवलं नव्हतं. एकही टोक चुकलं नाही. पोपटांच्या चोचींचे तारे झाले, लिलीच्या पाकळ्यांची चक्रं झाली. माझी बारा वर्षांची मुलगी सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "मम्मा, धिस इज सो पेटी, लाह." मी म्हटलं, "हो, क्षुद्रपणाच आहे. तो दोरा दे."

गोधडी पुरी झाल्यावर मी ती धुतली आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातली. गोधडी मोठी होती. खाली लोंबून ती बरोबर तिच्या खिडकीसमोर आली.

दहा मिनिटांत बेल वाजली. ती गाउनवरच आली होती.

"तू? तू घेतलंस ते?"

"हो."

"तुला माहीत होतं मला लागणार आहे!"

"माहीत होतं म्हणूनच घेतलं."

"पण का? मी काय वाईट केलं तुझं?"

मी तिला तिचंच वाक्य ऐकवलं, शब्दन् शब्द. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"अगं, ते गमतीत! तू एवढं मनाला लावून घेतलंस? मी जातबीत मानते का कधी? तुझ्या घरी जेवलेय मी!"

हे शेवटचं वाक्य तिने पुरावा म्हणून दिलं होतं. मी आत गेले, कापताना पडलेल्या कातरणांची पिशवी आणली आणि तिच्या हातात ठेवली.

"या चिंध्या घे. जोड. रक्तात नसलं तर शिकावं लागतं."

तिने ती धरली नाही. पिशवी दारात पडली, निळे-नारिंगी तुकडे कॉरिडॉरभर झाले, आणि ती जिन्याने खाली गेली. लिफ्टचीसुद्धा वाट पाहिली नाही तिने.

क्लबाच्या प्रदर्शनात तिने काही मांडलं नाही. आमच्या ओळखीतल्या बायकांत दोन तट पडले. जास्त जणी तिच्या बाजूने. मी खुनशी आहे, असं ठरलं. काही ग्रुपमधून मला न सांगता काढलं. मला वाईट वाटेल असं मी समजत होते. वाटलं नाही. लोक विचारतात, माफ करून टाकायचंस ना. माफ करायला आधी कुणी माफी मागायला हवी.

एकीने मागितली. त्या दिवशी हसलेल्या बायकांपैकीच एक; तिने फोन करून सांगितलं, "मी हसले होते. मला लाज वाटते." मग मी तिला शनिवारी बोलावलं. आता ती दर आठवड्याला येते. टाचण्या मी तिला स्वतःलाच लावायला लावते. वाकड्या लागल्या तर काढायला लावते. हात हळूहळू बसतोय.

आम्ही बसतो स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. खिडकी मी उघडी ठेवते, म्हणजे मशीनचा आणि आमच्या हसण्याचा आवाज खाली नीट पोचतो.