शिफ्टखालचा ख

चिकूच्या दिवसांत डहाणूत कोणाकडेही जा, निघताना पिशवीभर चिकू हातात कोंबतातच. नको म्हटलं तरी! कॉम्प्युटर ट्रेनरचं किश्शांच्या बाबतीत तसंच होतं. मी काही वर्षं डहाणू-तलासरीच्या गावांत कॉम्प्युटर शिकवत फिरलो, आणि रोज एखादा किस्सा घेऊनच घरी यायचो. फरक एवढाच, की यातले निम्मे आतून आंबलेले. बायको हसायची. मला हसू यायचं नाही.

*

२०१५ साली रानशेतला आमच्या संस्थेचं सेंटर उघडलं. दहा कोरे कॉम्प्युटर, रिबन, नारळ, शिवाय ठाण्याहून आलेले साहेब. फोटो झाले, भाषण झालं, साहेबांची गाडी गेली. ती वळते न वळते तोच टेम्पो आला आणि त्यातली माणसं सीपीयू आणि कीबोर्ड उचलायला लागली.

मी धावलो. "अहो, हे कुठे नेताय?"

"तलासरीला. उद्या तिकडे उद्घाटन!"

"मग मॉनिटर का ठेवताय?"

"तिकडे मॉनिटर हायेत!"

*

आता शिकवायचं काय, कपाळ? मी फळ्यावर खडूने भलामोठा कीबोर्ड काढला. एकेकाने यायचं आणि खडूच्या चौकोनावर बोट ठेवायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नवरीच पळवली होती!

वर्गात सुमन होती. सकाळी बागेत चिकू तोडायची आणि दुपारी धावत क्लासला यायची. ग्रामपंचायतीत ऑपरेटरची जागा निघणार होती, सर्टिफिकेट असेल त्यालाच. पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकलं, "सर, मला एकदा खुर्चीत बसून काम करायचंय."

मराठी टायपिंग सुरू झालं. सुमनला 'क' सापडला, 'ख' सापडेना.

मी म्हटलं, "अगं, तो 'क'च्याच बटणावर आहे. शिफ्ट दाबलं की दिसतो."

"म्हणजे हाय, पण दाबल्याबिगर दिसत नाय?"

अख्खा वर्ग हसला. त्या आठवड्यात तिने घरी कुडाच्या भिंतीवर गेरू सारवला आणि तांदळाच्या पिठाने अख्खा कीबोर्ड काढला. भाकरी थापायला बसली की समोर भिंत. तिची सासू शेजारणींना सांगायची, "सून येडी झाली, भिंतीला बोटं लावून पुटपुटते!"

*

हजेरी रोज ऑनलाइन पाठवायची, असा ठाण्याचा हुकूम. रानशेतला तेव्हा रेंज नावालाच. मग क्लास सुटला की मी बाइकवरून चारोटीला जायचो, हायवेवरच्या एका हॉटेलात चहा सांगायचो आणि हजेरी पाठवायचो.

महिन्याभरात साहेबांचा फोन. "सिस्टीममध्ये तुमचं लोकेशन चारोटीचं हॉटेल दिसतंय. क्लास हॉटेलात घेता काय?"

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! डोकं असं फिरलं माझं. म्हटलं, "हो साहेब. वेटर फार हुशार आहे, पहिला येणार!"

मेमो आला. त्यात माझं नावही चुकीचं टाइप केलेलं होतं.

*

परीक्षेच्या दिवशी मात्र कॉम्प्युटर आले, सगळ्या अवयवांसकट. सुमन बसली आणि जी सुटली! कीबोर्डकडे बघेचना. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर, बोटं आपली चाललेली.

बाहेरून आलेला परीक्षक दबकत तिच्यामागे जाऊन उभा राहिला. "ए बाई, भिंतीवर काय बघतेस? कॉपी लिहिलीय का?"

"नाय साहेब. भिंत घरी ठेवून आले."

त्याने पुढे जाऊन भिंत तपासली. खरंच सांगतो, हात फिरवून तपासली!

*

सुमन पास झाली. मी खुशीत ठाण्याच्या साहेबांना तिच्या घरच्या भिंतीचं सांगितलं, तर ते म्हणाले, "मला ती भिंत दाखवा." आले, झोपडीत वाकून शिरले, कीबोर्डसमोर उभे राहून सेल्फी काढला.

"वंडरफुल! अगदी ओरिजिनल वारली!"

"साहेब, तो कीबोर्ड आहे," मी म्हटलं.

"तेच तर! ट्रॅडिशन प्लस टेक्नॉलॉजी!"

पंधरवड्याने सर्टिफिकेट आलं. सुमनच्या नावाचं, गोल शिक्क्याचं, वारली चित्रकलेचं. मी फोनवर ओरडलो. साहेब शांत. "अहो, कॉम्प्युटरचं टार्गेट फुल झालं होतं, पेंटिंगचं रिकामं होतं. तिला काय, सर्टिफिकेट मिळाल्याशी मतलब!"

सुमनने तो कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, मला माणूस काढता येत नाय. चौकोनच येतात." मला तिच्या तोंडाकडे बघवेना. ती रडली असती तर बरं झालं असतं.

*

ऑपरेटरची जागा सरपंचांच्या भाच्याला मिळाली. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं, आमच्याच सेंटरचं. वर्गात मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आणि पंचायतीचं बोलावणं सुमनलाही आलं! ऑफिसची भिंत सजवायची होती, आणि गावात सर्टिफिकेटवाली चित्रकार ती एकटीच. मला वाटलं, जाणार नाही. गेली. दोन दिवस स्टुलावर उभी राहून तिने भिंत रंगवली.

मी गेलो तेव्हा सरपंच भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. गेरूवर पांढरेशुभ्र चौकोन, ओळीने, एकेकात एकेक अक्षर. खाली खुर्चीत भाचा.

"अगं, हे काय काढलंस?" सरपंच म्हणाले. "वारली म्हणजे माणसं पाहिजेत ना! माणसं कुठायत यात?"

सुमन खाली उतरली, पदराला हात पुसले.

"हायेत ना साहेब. शिफ्ट दाबा."